करवतीची खालची मूठ

भरमूला ताप चढला तेव्हा करवत ओंडक्यात अर्ध्यावर होती. खड्ड्यातून तो वर आला, ओंडक्याला टेकून बसला आणि वर उभ्या असलेल्या बापाला म्हणाला, "आप्पा, मान लई दुखाय लागलीया. उद्या बघू." रवळूनं करवत तिथंच राहू दिली. उद्या सकाळी परत हात घालायचाच होता, मग काढून ठेवायची कशाला?

ती एकोणीसशे अठराची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ होती. खानापूर भागात त्या सालच्या नवरात्रात घराघरांतून माणसं गेली. रवळूच्या घरातून आधी भरमू गेला आणि त्याचा दहावा दिवस व्हायच्या आत त्याची आई गेली. मागं राहिले रवळू, सून अंबुबाई आणि अंबुबाईच्या कडेवरची मालू. मालूला अजून नीट चालताही येत नव्हतं.

अंबुबाईचं वय तेव्हा वीसच्या आतबाहेर असेल. माहेर काकतीचं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन ती या जंगलाच्या कडेच्या वाडीत आली तेव्हा तिला झाडांतलं काही कळत नव्हतं. तिच्या सासरी भाताची थोडी जमीन होती, पण घर चालायचं ते करवतीवर. पाऊस उघडला की बाप-लेक मोठी करवत घेऊन कामाला लागत. घराच्या मागं माणूसभर खोल लांबट खड्डा होता. त्याच्यावर आडवे वासे टाकून ओंडका चढवायचा. एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खाली खड्ड्यात. वरचा रेघ बघतो आणि करवत वर खेचतो. खालचा ती खाली ओढतो. लाकूड कापलं जातं ते खालच्या ओढीला, आणि सगळा भुसा पडतो तोही खालच्याच तोंडावर. भरमू कायम खाली असायचा.

अर्ध्यावर राहिलेला तो ओंडका हेदाचा होता. हेदाचं लाकूड ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं निघतं. आमच्याकडची कानडी माणसं त्याला अरिशिन तेग, म्हणजे हळदीचा साग, म्हणतात ते त्याच्या रंगावरूनच. सागाइतकं ते टिकाऊ नाही. उघड्या पावसात ठेवलं, मातीत पुरलं तर कुजतं. पण छपराखाली, कोरड्यात, त्याच्यासारखं लाकूड नाही. अंग बारीक, गुळगुळीत, कुठं कुसळ म्हणून निघत नाही. त्यामुळं फण्या करायला, खेळणी कातायला आणि माडीवर तक्तपोशी, म्हणजे फळ्यांची जमीन, घालायला लोक हेद मागत. अनवाणी पायाला ती फळी मऊ लागते.

निपाणीचे पायगोंडा नावाचे जैन व्यापारी घर बांधत होते. माडीच्या तक्तपोशीसाठी त्यांनी जंगलखात्याच्या लिलावात हेद घेतला होता. घ्यायच्या आधी भरमूनंच ते झाड बघून, कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, ठोकून सांगितलं होतं, "अण्णा, ह्येच घ्या. आतनं पोकळ न्हाय."

दिवाळीनंतर पायगोंडा स्वतः वाडीवर आले. त्यांच्याही घरातली सून मानमोडीत गेली होती. दोघं ओसरीवर बसले. पायगोंडा म्हणाले, "रवळूअण्णा, लाकडाची काळजी करू नका. मी दुसरी सोय बघतो. तुमी आदी सावरा."

रवळूनं नुसती मान हलवली. पण अंबुबाई दाराआडून ऐकत होती. तिला एवढं ठाऊक झालं होतं की हेद ओला असतानाच कापावा लागतो. तसाच पडून राहिला, ऊन लागलं, की वरून तडे जातात आणि मग त्याची फळी होत नाही, जळण होतं. भरमू रोज जेवताना असलंच काहीतरी सांगायचा. रवळूनं ओंडक्याच्या तोंडांना शेणमाती लिंपली होती, वर पालापाचोळा टाकला होता, पण करवतीला त्यानं हात लावला नव्हता. ती ओंडक्यात तशीच उभी होती आणि रोज सकाळी म्हातारा तिच्याकडं बघून परत घरात यायचा.

दुसरा करवतवाला मिळणं शक्य नव्हतं. शेजारच्या वाडीतली जोडीच्या जोडी गेली होती.

पायगोंडा गेल्यावर दुसऱ्या दिवशी अंबुबाईनं मालूला झोळीत घातलं, लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि ती खड्ड्याकडं गेली.

"मामा, वर चढा."

रवळूला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो म्हणाला, "खुळी का काय तू? बायमानूस कवा खड्ड्यात उतरलंय?"

"मग कोन उतरनार? तुमी एकलं ओढनार हायसा?"

"लोकं काय म्हनतील?"

"त्यांनी अर्द्यात सोडलंय त्ये. तेवडं तरी पुरं करू या. मग तुमी म्हनशीला तसं."

रवळू उभा राहिला. सुनेनं सासऱ्यापुढं डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही, मान वर करायची नाही, अशी रीत होती. आणि खालच्या करवत्याला तर सारखं वर बघावं लागतं. पण अंबुबाई तोवर खड्ड्यात उतरली होती. भरमूच्या हातानं काळी झालेली खालची मूठ तिनं दोन्ही हातांत धरली. म्हातारा ओंडक्यावर चढला. बराच वेळ तो तसाच पाठमोरा उभा होता. मग वळला आणि त्यानं वरची मूठ धरली.

पहिले काही दिवस तिचं चुकतच होतं. ती वर ढकलायची. रवळू वरून ओरडायचा, "ढकलू नगं गं! मी नेतो वर. तू निस्ती हात सैल सोड आनि मग आंग टाकून ओढ." करवत अडकायची, मग फटीत पाचर मारून ती मोकळी करायची. संध्याकाळी तिला भाकरी थापता यायची नाही, बोटं मिटायचीच नाहीत. भुसा डोळ्यांत जायचा, तोंडात जायचा. तो जिभेला कडू लागायचा. डोक्यावरून पदर घेऊन ती त्याची घडी कपाळावर पुढं काढायची, तरी संध्याकाळी खड्ड्यातून वर यायची ती केसांपासून पायांपर्यंत पिवळी होऊन.

तशीच एकदा ती विहिरीवर गेली. पाणी भरायला आलेल्या बायका बाजूला सरल्या. जयाबाई म्हणून शेजारची होती, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवऱ्याला जाऊन दोन म्हयनं न्हाय झालं, आनि हिला बघा हळद लागलीया."

अंबुबाईनं घागर तिथंच ठेवली आणि रिकाम्या हातानं घरी आली. त्या दिवसापासून ती काम संपलं की आधी ओढ्यावर जायची, अंग घासून घासून धुवायची आणि मगच वाडीत शिरायची. थंडीच्या दिवसांतही. नखांच्या कडांना तरी पिवळं राहायचंच.

ही बातमी काकतीला पोचायला वेळ लागला नाही. तिचा भाऊ मारुतीराव गाडी जुंपून आला. सासऱ्यासमोर तो जपून बोलला, पण बहिणीला मागच्या दारी नेऊन म्हणाला, "चल घरला. आमी काय मेलोय का? तुला दोन भाकरी जड न्हाईत."

"मामांना कोन?"

"त्ये बघतील त्येंचं."

"त्येंचं बघायला कोन न्हाय, दादा. एका आठवड्यात बायकू आनि ल्योक गेला त्येंचा. आता मी पन जाऊ?"

भाऊ चिडून निघून गेला. त्यानंतर पुष्कळ वर्षं त्यानं तिला सणालाही नेलं नाही.

पायगोंडांच्या हेदाच्या सगळ्या फळ्या निघाल्या. गोठ्यात सावलीला, मधे मधे पट्ट्या देऊन त्यांची थप्पी लावली. हेद घाईनं वाळवता येत नाही. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला, पिवळा रंग उतरून फळ्या मधासारख्या झाल्या. मग बैलगाड्या भरून त्या निपाणीला गेल्या आणि तिथल्या सुतारानं रंधा मारून, एका फळीची कड दुसरीच्या खाचेत बसवून तक्तपोशी घातली.

घरभरणीला पायगोंडांनी रवळूला आणि अंबुबाईला मुद्दाम बोलावलं. पायगोंडांची आई, ब्राह्मीआक्का, तिला हाताला धरून माडीवर घेऊन गेली. म्हातारी निम्मं कानडीत, निम्मं मराठीत बोलायची. "बा, बा. ये. चाल गं हिच्यावरनं. पाय ठेव. काही होत नाही."

अंबुबाईनं पाय ठेवला. खिडक्यांतून ऊन आत आलं होतं आणि ते सगळं जमिनीवर सांडल्यासारखं दिसत होतं. ती हळूहळू भिंतीकडेनं फिरली. मग खाली बसली आणि फळ्यांवरून हात फिरवू लागली. एक, दुसरी, तिसरी. ब्राह्मीआक्काला वाटलं, ती कामाची पारख करतेय.

"काय बघतेस?"

"आक्का, ह्येतली एक फळी अर्दी माज्या मालकांनी कापलीया. अर्दी मी."

थप्पीत असताना ती फळी ओळखू यायची. निम्म्यापर्यंत करवतीचे वळ एकसारखे, जवळजवळ होते. त्यापुढं ते वेडेवाकडे, खोल झाले होते. करवत जिथं त्याच्याकडून तिच्याकडं आली ती जागा अंबुबाईला बोट ठेवून दाखवता यायची. गोठ्यात जाऊन ती कधी कधी तिथं बोट ठेवायचीही. आता सुतारानं रंधा मारला होता. सगळ्या फळ्या सारख्या, काचेसारख्या. भरमूनं कापलेल्या कुठल्या, तिनं कापलेल्या कुठल्या, काहीच कळत नव्हतं.

"घावंना," ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. नवरा गेला तेव्हा पाठोपाठ सासूचं प्रेत उचलायचं होतं, लेकरू होतं, सासरा होता. तेव्हा ती अशी रडली नव्हती. ब्राह्मीआक्का तिच्याशेजारी जमिनीवर बसली. खालून जेवायला हाका आल्या तरी तिनं अंबुबाईला उठवलं नाही.

ती एवढं पुरं करायचं म्हणून खड्ड्यात उतरली होती, पण नंतर वर येणं झालं नाही. काम येत गेलं. रेल्वेसाठी जांभा आला, म्हणजे त्या नावाच्या झाडाचा ओंडका. तो इतका कठीण की दिवसातून दोनदा करवतीला कानस लावावी लागे, आणि त्याच्या भुशानं शिंका थांबत नसत. शिसव आली. आतून काळी-जांभळी, वासाला गोड. ऐन, किंदळ, नाणा. अंबुबाईला पुढं पुढं मुठीतल्या थरथरीवरून कळायचं की आत गाठ आलीय. ती खालून म्हणायची, "मामा, सावकास," आणि रवळू हात हलका करायचा. दिवसभरात त्या दोघांत तेवढंच बोलणं व्हायचं. वाडीतल्या लोकांनाही सवय झाली. सून सासऱ्याबरोबर करवत ओढते, एवढं बोलून ते थांबायचे.

मालूचं लग्न पिरनवाडीला ठरलं. नवरा मुलगा परशराम बेळगावच्या कॅम्पात एका बंगल्यावर माळी होता. मुलाकडचे लोक बघायला आले तेव्हा त्यांना मागचा खड्डा दिसला. मुलाच्या चुलत्यानं विचारलं, "पोरीची आई खरंच ह्येच्यात उतरती व्हय?" रवळू म्हणाला, "उतरती." तरी लग्न मोडलं नाही. पण लग्न झाल्यावर मालू पहिल्यांदा माहेरी आली ती आईला म्हणाली, "आई, आता तरी सोड की ह्ये. तिकडं मला लाज वाटती गं."

"सोडीन," अंबुबाई म्हणाली. "मामा हाईत तवर चालू दे."

मालू पुढं फार येईनाशी झाली.

रवळूची नजर हळूहळू अधू होत होती. त्यानं ते लपवलं. पण फळ्या एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ येऊ लागल्या. ओंडक्यावर गेरूच्या सुतानं मारलेली रेघ त्याला दिसतच नव्हती. एका सकाळी त्यानं आदल्या दिवशीची फळी उचलली, दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला आणि ती खाली ठेवली.

"अंबू, आजपास्नं तू वर चढ. मी खाली उतरतो."

ती दचकली. "काय बोलतासा मामा? तुमच्या डोक्यावर पाय देऊन उबी ऱ्हाऊ मी?"

"रेग दिसती का मला? न्हाय दिसत. लोकाचं लाकूड नासायचं व्हय?"

"मग सोडू या. काय नगं आता."

"सोडून काय करू? ओसरीवर बसून वाट बगू?" म्हातारा खड्ड्याकडं चालू लागला. "इतकी वर्सं तू माज्या पायाखाली हुबी ऱ्हायलीस. मी कवा काय म्हनालो?"

अंबुबाईनं त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मग ती ओंडक्यावर चढली. पुढं रोज सकाळी वर चढायच्या आधी ती त्याच्या पाया पडायची. तो पुटपुटायचा, "आगं, रोज रोज काय," आणि चाचपडत खाली उतरायचा. वरून तिला त्याचं पांढरं डोकं दिसायचं. ती करवत हलक्या हातानं धरायची, भुसा कमी पडावा म्हणून. पण करवत कापते तेव्हा भुसा पडतोच.

खोकला त्याला दुसऱ्या हिवाळ्यात लागला. तरुणपणापासून तो वर राहिलेला, त्याच्या छातीला भुशाची सवय नव्हती. आधी कोरडा खोकला, मग दम. एकदा कापता कापता मधेच खालची ओढ थांबली. अंबुबाईनं वाकून बघितलं तर म्हातारा मुठीला लोंबकळल्यासारखा उभा होता. त्याला खांद्यावर टाकून तिनं वर आणलं. तो परत खड्ड्यात गेला नाही.

त्याच्या उशाशी बसून ती एकदा म्हणाली, "मी वर चढाय नगं हुतं, मामा. माज्यामुळं झालं ह्ये."

"तुज्यामुळं कसं?" त्याला बोलायला वेळ लागायचा. "तू एवडी वर्सं भुसा खाल्लास पोरी. माजी पाळी कवा यायाची मग?"

शिमग्याच्या आधी रवळू गेला. त्याला अग्नी द्यायला वाडीतला लांबचा भाऊबंद, गुंडू, पुढं झाला. अंबुबाई वाडीतल्या बायकांबरोबर मागं राहिली.

खड्ड्यावर एक ऐनाचा ओंडका चढवलेला होता. गुंडू भला माणूस होता. तो म्हणाला, "वैनी, मी येतो जोडीला." तो थोडे दिवस आला. पण सासऱ्याबरोबर करवत ओढणाऱ्या बाईला जे लोक काही म्हणत नव्हते, ते परक्या पुरुषाबरोबर ओढणाऱ्या बाईला म्हणू लागले. गुंडूच्या घरी भांडण झालं. तो यायचा बंद झाला आणि अंबुबाईनंही त्याला बोलावलं नाही. तिनं करवतीला तेल लावलं, गोणपाटात गुंडाळली आणि आढ्याला टांगली.

तोवर खानापूरकडं यंत्राची करवत आलीच होती. अंबुबाईला तिथं बायकांच्या कामाला घेतलं, भुशाच्या पाट्या वाहायला. तिथं ओंडका एका बाजूनं आत जायचा आणि बघता बघता दुसऱ्या बाजूनं फळ्या होऊन बाहेर यायच्या. यंत्र आवाज एवढा करायचं की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नसे. आत गाठ आली तरी ते हात हलका करत नसे. कधी हेद निघाला की पिवळा भुसा पाटीत भरून डोक्यावर घेऊन ती बाहेर टाकून यायची. इतर बायका जेवायच्या सुट्टीत गप्पा मारत बसायच्या. ती थप्पीपाशी जाऊन फळ्यांना हात लावून बघायची. मुकादम म्हणायचा, "ए म्हातारे, चोरायचंय का काय?" तेव्हा ती चाळिशी नुकती ओलांडलेली बाई होती.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत लाकडाला फार मागणी आली आणि यंत्र सारखं चालू राहू लागलं. तिची छाती त्याच वर्षांत बिघडली. जुना भुसा आणि नवा भुसा, दोन्हींनी हिशेब पुरा केला. पाटी उचलवेना तेव्हा परशराम स्वतः येऊन तिला पिरनवाडीला घेऊन गेला. जावई मायाळू होता. मालूही आईचं सगळं करायची, गरम पाण्यानं छाती शेकायची, पेज करून भरवायची. पण शेजारणी आल्या की अंबुबाईला आत निजवायची. मालूनं पिरनवाडीत सांगितलं होतं की आई शेतात मजुरी करायची. अंबुबाईच्या कानावर ते आलं होतं. तिनं लेकीला खोटं पाडलं नाही. कोणी विचारलंच तर तीही म्हणायची, "व्हय, भाताच्या शेतात."

सत्तेचाळीसच्या आषाढात, दुपारी, पेज पिताना तिला खोकल्याची उबळ आली आणि ती परत शुद्धीवर आली नाही. काकतीहून मारुतीराव आला. तोही आता म्हातारा झाला होता. बहिणीच्या हातांचे तळवे त्यानं उलटून बघितले. मुठीच्या जागी कातडं लाकडासारखं टणक झालं होतं. तो ते हात हातांत घेऊन बसून राहिला. उचलायची वेळ झाली तरी सोडेना.

दिवस व्हायच्या आधी गल्लीतल्या बायका मालूला भेटायला आल्या. एकीनं सहज, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "शेतात लई राबली असंल न्हाय गं तुजी आई?"

मालूनं तिच्याकडं बघितलं. "शेतात न्हाय," ती म्हणाली. "करवत ओढायची ती. मोठ्ठी झाडं कापायची. खड्ड्यात उबी ऱ्हाऊन."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. "बायमानूस?" कुणीतरी म्हणालं.

"व्हय. माजी आई." एवढं म्हणून मालू उठून आत गेली आणि दाराला टेकून उभी राहिली. ते चार शब्द आईच्या देखत एकदा तरी बोलायला हवे होते, असं ती पुढं आयुष्यभर म्हणत राहिली.